दीडशे लिटरची टाकी आणि आठशे फुटांचं बोअर



जानेवारी-फेब्रुवारीत पेजवर एकही नोंद पडली नाही, त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. मृग बहाराची तोडणी आटोपून आम्ही दोघं नवरा-बायको अमेरिकेत मुलीकडं गेलो होतो. मुलगी-जावई लॉस एंजेलिसच्या बाजूला असतात. तिथून आरव्ही, म्हणजे आत घर असलेली गाडी, भाड्यानं घेऊन कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि नेवाडा या तीन राज्यांतलं वाळवंट आम्ही १९ दिवस फिरलो. सगळं मिळून २,४०० किलोमीटरच्या आसपास झालं. खर्च मुलीनं केला, आकडा मला शेवटपर्यंत सांगितला नाही. स्टेटसचे फोटो बघून सगळ्यांनी "मजा हाय आण्णा" असं लिहिलं. मजा होतीच. पण शेतकऱ्याच्या डोळ्याला जे दिसतं ते फोटोत येत नाही, म्हणून ही मोठी नोंद. निवांत वाचा.

आधी गाडीविषयी, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच. गाडी २५ फूट लांब. आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम, सगळं. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्यावर नेलेला माणूस मी, त्यामुळं लांबीचं भ्या वाटलं नाही. स्टेअरिंग डाव्या हाताला आणि गाडी उजव्या बाजूनं, एवढंच डोक्यात बसवायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस जावई शेजारी बसला, मग बस पकडून परत गेला. पुढं आम्ही दोघंच.

या गाडीत पाण्याच्या तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, आमच्या गाडीत साधारण १५० लिटरची. दुसरी भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि तिसरी संडासाची. खालच्या दोन टाक्या भरल्या की ठरलेल्या जागी जाऊन पाईप लावून रिकाम्या करायच्या. ओट्याच्या वर भिंतीत एक पट्टी आहे. बटन दाबलं की दिवे लागतात: भरलेली, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, रिकामी. सौ.नं पहिल्याच दिवशी त्या पट्टीचा ताबा घेतला. टँकरच्या दोन हंड्यांवर संसार केलेली बाई ती. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पहिलं पाणी संडासाला. मुलगी म्हणाली होती, दोन दिवसांनी टाकी भरावी लागेल. आमची पाच दिवस पुरली.

पहिला मुक्काम जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात. हे झाड घायपाताच्या नात्यातलं, पण चांगलं वीस-तीस फूट वाढतं. त्याचं परागीभवन एकच जातीकुळीचा छोटा पतंग करतो, दुसरं कुणी नाही. मादी पतंग तोंडानं पराग गोळा करून फुलात नेऊन दाबते आणि तिथंच अंडी घालते. अळ्या थोडं बी खातात, बाकीचं झाडाला राहतं. फवारणीच्या वेळा पाळा, मधमाशी जपा, असं आपण डाळिंबवाले एकमेकांना सांगतो. इथं तर तो पतंग गेला की झाडाचं बी धरणंच बंद.

तिथून डोंगर उतरून कोचेला खोऱ्यात आलो. इंडिओ नावाचं गाव, चहूकडं खजुराच्या बागा. थंडीत मजूर शिडीवर चढून झावळ्यांचे काटे साफ करत होते. नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळं पराग हातानं घालावा लागतो. आता आपल्या सोलापूर भागातही काही जणांनी खजूर लावलाय, म्हणून हा इतिहास सांगतो. १९२७ साली मोरोक्कोत खजुरावर मर रोग पसरला होता. अमेरिकेच्या कृषी खात्याचे शास्त्रज्ञ वॉल्टर स्विंगल यांनी तिथून मेजूल जातीचे ११ फुटवे आणले. पण थेट खजुराच्या भागात लावले नाहीत. लांब नेवाडात, जिथं आसपास खजूरच नाही, तिथं काही वर्षं वेगळे ठेवले. त्यातले ९ जगले, आणि अमेरिकेतल्या मेजूलच्या बागा त्यांच्यापासून वाढल्या. डाळिंबात मर आणि तेल्या कुठल्या रोपांतून आपल्या तालुक्यात फिरला हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातला धीर किती मोठा ते कळेल.

खोऱ्याच्या खाली सॉल्टन सी आहे. नाव समुद्र, पण तळं. समुद्रसपाटीपेक्षा सत्तर मीटर खाली. १९०५ साली कोलोरॅडो नदी कालव्याचं तोंड फोडून या खळग्यात शिरली आणि पुढं जवळजवळ दोन वर्षं इकडंच वाहत राहिली. त्यातून हे तळं झालं. नंतर ते टिकलं शेतातल्या निचऱ्याच्या पाण्यावर. त्या पाण्यातून क्षार येतात, पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागं राहतात. आता ते समुद्रापेक्षा खारट आहे. किनाऱ्यावर पांढरी वाळू म्हणून चालायला गेलो, तर पायाखाली माशांची हाडं आणि शिंपल्यांचा चुरा करकर वाजायला लागला. वास तर विचारू नका.

त्याच्या दक्षिणेला इम्पीरियल व्हॅली. इथं पाऊस वर्षाला ७५ मिलिमीटर. आपल्याकडं सांगोल्यात साडेचारशे-पाचशे पडतो आणि आपण त्याला दुष्काळी म्हणतो. तरी नजर जाईल तिथपर्यंत हिरवा लसूणघास, ज्याला ते अल्फाल्फा म्हणतात, आणि पालेभाज्या. सगळं पाणी कोलोरॅडोचं, १३० किलोमीटरच्या ऑल-अमेरिकन कालव्यातून. या एका खोऱ्याचा हक्क वर्षाला साधारण ३१ लाख एकर-फूट आहे. आपल्या भाषेत १३५ टीएमसी. उजनी पूर्ण भरलं तर ११७. इथं कायदा असा, की ज्यानं आधी पाणी वापरायला सुरुवात केली त्याचा हक्क आधी. या लोकांनी फार पूर्वी कालवे खोदले, म्हणून रांगेत ते पुढं. शेतात खाली सच्छिद्र पाईप टाकून क्षाराचं पाणी बाहेर काढतात, तसं सांगली-कोल्हापूरकडं आपले लोक आता करतायत. फरक एवढाच, की ते पाणी शेवटी जातं कुठं ते आम्ही आदल्या दिवशी नाक दाबून बघून आलो होतो.

नदी ओलांडली की युमा. हिवाळ्यात अमेरिका खाते ती बहुतेक पालेभाजी या दोन भागांतून जाते. पहाटे मेक्सिकोच्या हद्दीवरून मजूर येतात, वाकून लेट्यूस कापतात, चालत्या यंत्रावर तिथंच पॅकिंग. लेसरनं सपाट केलेली रानं इतकी सरळ, की सरीत पाणी सोडलं तर पुढच्या टोकाला एकाच वेळी पोहोचावं. सौ. बराच वेळ त्या वाकलेल्या बायकांकडं बघत होती. म्हणाली, "कंबर सगळीकडं सारखीच दुखत आसंल."

युमाच्या पुढं खरं वाळवंट सुरू झालं, सोनोरन नावाचं. ऑर्गन पाईप उद्यानातून टोहोनो ओओधम या आदिवासी लोकांच्या मुलखातून आम्ही टुसॉनला गेलो. टुसॉनचा पाऊस ३०० मिलिमीटरच्या आत. तो दोन हंगामांत येतो, हिवाळ्यात थोडा आणि जुलै ते सप्टेंबर थोडा. उन्हाळी पावसाला ते लोक मॉन्सूनच म्हणतात.

या भागातली झाडं डाळिंब उत्पादकांनी एकदा बघावीत अशी आहेत. ओकोटियो नावाचं काटेरी झुडूप आहे. आपण बहार धरताना पाणी तोडून ताण देतो, इथ्रेल मारून पानगळ करतो. हे झुडूप पाणी संपलं की स्वतःच पानं टाकतं आणि पाऊस पडला की थोड्याच दिवसांत परत पालवतं, वर्षातनं अनेकदा. पालो व्हेर्दे नावाच्या झाडाची सालच हिरवी, पानं नसली तरी सालीवर अन्न तयार करतं. आणि सग्वारो, तो मोठा हात वर केलेला निवडुंग. पहिल्या आठ वर्षांत इंच-दीड इंच वाढतो. पहिली फांदी फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, कधी जास्तच. जगतो दीडशे वर्षांच्या वर. त्याच्या अंगाला घड्या असतात, पाऊस पडला की त्या फुगतात, वापरलं की मिटतात. म्हणजे साठा किती हे बाहेरून दिसतं. मुळं बहुतेक वीतभरही खोल नाहीत, पण झाड जेवढं उंच तेवढी लांब पसरलेली. पडेल तेवढा पाऊस वरच्या वर धरायचा आणि त्यात भागवायचं, अशी त्याची रीत.

त्याच्या शेजारी दुसरं झाड दिसलं आणि सौ. ओरडली, "अवो, ही तर आपली येडी बाभूळ!" खरंच तिची चुलत बहीण, मेस्कीट म्हणतात. हिची रीत उलटी. पाण्याच्या मागं मुळं खाली सोडत जाते. टुसॉनजवळ एका तांब्याच्या खाणीत मेस्कीटची मुळं दीडशे फुटांपेक्षा खोल सापडलेली आहेत. मी म्हटलं, हे आपलं बोअर झालं. आणि सग्वारो म्हणजे शेततळं.

टुसॉनहून उत्तरेला कूलिज गावाजवळ कासा ग्रांदे हे जुनं अवशेषस्थळ आहे. चुनखडीच्या मातीचा चार मजली वाडा, साडेसहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा. तो बांधणाऱ्या लोकांनी लाकडी आणि दगडी हत्यारांनी शेकडो मैल कालवे खोदले होते. आज फिनिक्स शहर उभं आहे ते त्यांच्याच कालव्यांच्या जागेवर. पण मला तिथं वाड्यापेक्षा भोवतालचं रान जास्त लागलं. एकेकाळी तिथं मेस्कीटचं दाट बन होतं. विसाव्या शतकात आजूबाजूच्या शेतांवर पंप बसले, उपसा वाढला, भूजल खाली गेलं आणि ते बन वाळून मेलं. दीडशे फूट मुळं सोडू शकणारं झाड, पण पाणी त्याच्या मुळांपेक्षा जोरात पळालं.

तो सगळा पिनाल जिल्हा तसाच. भूजल खाली गेल्यामुळं काही ठिकाणी जमीन खचलीय, मैल-मैल भेगा पडल्यात, रस्त्यावर तशा पाट्या लावल्यात. मग कोलोरॅडोचं पाणी ५४० किलोमीटर कालव्यातून, सगळे पंप धरून जवळजवळ २,९०० फूट वर उचलून या भागाला आणलं. ऑगस्ट २०२१ मध्ये नदीवर पहिल्यांदाच सरकारी तुटवडा जाहीर झाला, आणि २०२२ पासून या शेतकऱ्यांचं कालव्याचं पाणी तुटलं. रांगेत ते शेवटचे. शेतं पडीक, आणि जो पिकवतो तो परत बोअरवर.

त्याच रात्री पुतण्याचा फोन आला. आपल्याकडं सकाळ होती.

"आण्णा, तिसऱ्या बोअरचं पाणी निम्म्यावर आलंय. दीड तासात मोटर हवा ओढती. बोअरची गाडी गावात हाय, आठवडाभर थांबणार. आठशे फूट मारून घीव का?"

नवीन वाचकांसाठी सांगतो. आमची साडेतीन एकर डाळिंब, भगवा. त्यातली एक एकर बाग बारा वर्षांची, मरनं पोखरलेली. बोअर तीन: अडीचशे, साडेचारशे आणि ६२० फूट. चौथं आठशे म्हणजे बोअर, केसिंग, मोटर, केबल, पाईप सगळं धरून पावणेतीन लाखांचा आकडा पुतण्यानं काढून ठेवला होता. त्या पाण्यावर तो स्वतःच्या वाटणीतली एक एकर नवी लावणार होता. मागच्या वर्षीच लग्न झालंय त्याचं. त्याला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय. मी म्हटलं, चार दिवस दे, सांगतो.

ते चार दिवस आम्ही क्वार्ट्झसाईटला काढले. ॲरिझोनाच्या पश्चिमेला, लहानसं गाव. पण हिवाळ्यात थंड मुलखातले हजारो म्हातारे-कोतारे आरव्ही घेऊन इथल्या सरकारी माळावर उतरतात. पंढरीच्या वाळवंटात दिंड्या उतरतात तसं वाटतं. वीज नाही, नळ नाही, जागेचं नाममात्र भाडं. गावच्या दफनभूमीत एका उंटवाल्याची दगडी समाधी आहे, वर धातूचा उंट. हादजी अली त्याचं नाव, लोकांनी हाय जॉली केलं. १८५६ साली अमेरिकी लष्करानं वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर तो आला. उंटांचा बेत बारगळला, माणूस इथंच राहिला आणि १९०२ मध्ये इथंच गेला.

आमच्या शेजारी नॉर्थ डकोटाचं एक जोडपं होतं, सत्तरीचं. गव्हाची शेती मुलाकडं सोपवून हिवाळाभर गाडीत राहतात. मोबाईलवर भाषांतर करून आमच्या गप्पा. सौ.नं त्यांना ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, बाईंनी पाव भाजून दिला. म्हाताऱ्यानं मला एक गोष्ट सांगितली, जी तिथं सगळ्यांना माहीत आहे. याच जिल्ह्यात सौदी अरेबियाच्या एका कंपनीनं जमिनी घेऊन बोअरच्या पाण्यावर लसूणघास लावला आणि गाईंसाठी बोटीनं आपल्या देशात नेला. कारण सौदीनं स्वतःचं जमिनीतलं पाणी उपसून संपत आणल्यावर हिरव्या चाऱ्याची पिकं घ्यायला बंदी आणली होती. ॲरिझोनाच्या ग्रामीण भागात बहुतेक ठिकाणी उपशाला मर्यादाच नाही. २०२३ मध्ये राज्यानं त्यातले काही सरकारी जमिनीचे करार बंद केले. आपल्याकडं तर २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी आहे. गावोगाव काय चालतं ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी सौ.नं नेहमीप्रमाणं बटन दाबलं. एक तृतीयांशचा दिवा लागला. म्हणाली, "आपल्या बोअरला आसं दिवं आसतं तर आपुन कवाच थांबलो आसतो." मी काही बोललो नाही. पण रात्रभर तेच डोक्यात.

तिथून उत्तरेला हूवर धरण. १९३५ साली पूर्ण झालेलं. मागचा लेक मीड जलाशय भरला तर सुमारे दहा उजन्यांचं पाणी. जुलै २०२२ मध्ये तो चौथाईच्या जरा वर एवढाच उरला होता. आम्ही गेलो तेव्हाही काठच्या खडकावर पाणी उतरल्याचा उंच पांढरा पट्टा दिसत होता. १९२२ साली राज्यांनी नदी वाटून घेतली ती १५० लाख एकर-फूट धरून, पुढं १९४४ च्या करारात मेक्सिकोला १५ लाख. एकूण १६५ लाख, म्हणजे ७१९ टीएमसी कागदावर. ज्या वर्षांची मोजणी धरली ती वर्षं जास्त पावसाची निघाली. २००० नंतर नदीला येतं ते साधारण सव्वाशे लाख, ५४० टीएमसीच्या आसपास. बाकीचं इतकी वर्षं साठ्यातून काढत आले. नदी बहुतेक वर्षी समुद्राला पोहोचतच नाही.

धरणावर चालत जाता येतं. कठड्यावरून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. मी फलक वाचून सांगितलं, उंची ७२६ फूट. सौ.नं विचारलं, "आन आपलं पोरगं किती मारायचं म्हनतंय?"

"आठशे."

ती परत एकदा वाकून तळाकडं बघून आली. मग म्हणाली, "ह्येच्याबी खाली? एवढ्या खालचं पानी कुनी भरलेलं आसंल, आन परत कोन भरनार?"

तिथूनच पुतण्याला फोन केला. बोअर मारायचं नाही. जुनी एक एकर बाग काढून टाकायची, तिचं पाणी उरलेल्या अडीच एकराला. नवी लागण यंदा नाही. पावणेतीन लाखांतले जे उभे करणार होतो त्यातून शेततळ्याचा जुना कागद बदलायचा आणि उरलेले त्याच्या हातात, शेळ्या घे नाहीतर दुसरं काही कर. तो एवढंच म्हणाला, "आण्णा, तुमी तिकडं फिरताय, हितं बाग मी बघतोय." आणि फोन ठेवला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

शेवटचा टप्पा डेथ व्हॅली. समुद्रसपाटीपासून २८२ फूट खाली मिठाचं सपाट मैदान. १० जुलै १९१३ ला इथं ५६.७ अंश नोंदलं गेलं, जगातली सगळ्यात जास्त मानली जाणारी नोंद. हजारो वर्षांपूर्वी इथं मोठं तळं होतं. त्या मिठावर आम्ही तासभर हिंडलो. मन मात्र घरच्या बागेत.

आल्यावर काय केलं ते सांगून थांबतो. जुनी एक एकर काढली. दर रविवारी सकाळी मोटर चालू करायच्या आधी दोरीला नट बांधून बोअरची पातळी मोजायची आणि कालनिर्णयवर आकडा लिहायचा, हे काम सौ.नं घेतलंय. फेब्रुवारीअखेर १६५ फूट, मार्चअखेर १७८, एप्रिलअखेर १९४, मेअखेर २१०. १९० ओलांडल्यावर पाण्याचा वेळ पाऊण तासावर आणला, बुडाला उसाच्या पाचटाचं आच्छादन वाढवलं. यंदा टँकर लागला नाही. आंबिया बहार धरला नव्हता, आता मृगाचा धरतोय, तोही अडीच एकरावरच. गावात पाण्याचा ताळेबंद मांडावा म्हणून ग्रामसभेत विषय ठेवलाय. हिवरे बाजारला हे वर्षानुवर्षं चालू आहे, तिथं शेतीला बोअर मारूच देत नाहीत. आमच्या ग्रामसभेत अकरा जण आले होते, त्यातल्या चौघांनी ऐकलं.

पुतण्यानं शेळ्या घेतल्या नाहीत. पंढरपूरला एका गॅरेजवर जातो, संध्याकाळी बागेत येतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो. परवा रविवारी मात्र सौ. दोरी सोडत होती, तर न सांगता आला, तिच्या हातातली दोरी घेतली आणि आकडा मोठ्यानं वाचला.

तुमच्यापैकी कोण कोण बोअरची किंवा विहिरीची पातळी नियमित मोजतं? गाव, बोअरची खोली आणि मेअखेरचा आकडा खाली लिहा. मृगाचा पाऊस झाल्यावर परत एकदा सगळे मोजू.